सोंगटीचा रंग आणि भिंतीवरची ४५४ नावे

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत भूदलाची हवाई संरक्षण नियंत्रण प्रणाली ‘आकाशतीर’ आणि हवाई दलाची ‘एकात्मिक हवाई आदेश आणि नियंत्रण प्रणाली’ ही नावे अचानक घराघरांत पोहोचली. वृत्तवाहिन्यांवर क्षेपणास्त्रे आणि तोफा दिसत होत्या, कारण त्या दाखवता येतात. पण त्या कोणत्या दिशेला, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या सांगण्यावरून उडवायच्या हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचे छायाचित्र निघत नाही, त्यामुळे ती नेमकी काय असते हा प्रश्न अनेकांच्या मनात तसाच राहिला. या व्यवस्थेचा पणजोबा शोधायचा झाला तर लंडनच्या दक्षिणेला, ब्रॉम्ली भागातल्या टेकड्यांवर असलेल्या बिगिन हिल नावाच्या गावी जावे लागते. तिथे एक लहान संग्रहालय आहे आणि त्याला लागून विटांचे एक साधे प्रार्थनामंदिर आहे. एकात व्यवस्थेची गोष्ट आहे, दुसऱ्यात ती चालवताना पडलेल्या माणसांची नावे आहेत, आणि पहिली समजल्याशिवाय दुसरीतली नावे नुसतीच वाचली जातात.

ही जागा कोणती?

बिगिन हिलचा विमानतळ १९१७ सालचा. पहिल्या महायुद्धात विमानातून बिनतारी संदेश कसे पाठवायचे याचे प्रयोग करण्यासाठी ही उंचावरची, मोकळी जागा निवडली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या संरक्षणासाठी जे लढाऊ विमानतळ उभे होते, त्यांतला हा अग्रभागी होता. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यानंतर जर्मनीने ब्रिटनवर स्वारी करण्याची तयारी चालवली. त्यासाठी आधी आकाश ताब्यात हवे होते, म्हणून १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात जी हवाई झुंज झाली तिला ‘ब्रिटनची लढाई’ म्हणतात. आज तिथून खासगी जेट विमाने उडतात, एका हँगरमध्ये जुनी स्पिटफायर विमाने दुरुस्त केली जातात, आणि प्रार्थनामंदिराबाहेर स्पिटफायर व हरिकेन यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. बहुतेक पाहुणे त्या दोन विमानांपाशी छायाचित्र काढतात. विमाने देखणी आहेत यात वाद नाही, पण लढाईचे गूढ त्यांच्यापाशी उलगडत नाही.

मिनिटांचा हिशेब

डोव्हरपाशी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्र जेमतेम ३४ किलोमीटर रुंद आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाने येणाऱ्या बाँबफेकी विमानांना तो ओलांडायला सात मिनिटे पुरतात. उलट, जमिनीवर उभ्या असलेल्या लढाऊ विमानाला हुकूम मिळाल्यापासून २०,००० फुटांवर चढायला सुमारे पाव तास लागतो. शत्रू किनाऱ्यावर दिसल्यानंतर निघायचे ठरवले, तर आपण वर पोहोचेपर्यंत तो आपले काम उरकायला लागलेला असतो.

मग विमाने सतत आकाशातच का ठेवू नयेत? कारण स्पिटफायरमधले इंधन साधारण दीड तास टिकते. दिवसभर पहारा ठेवायचा तर एका विमानाच्या जागी कितीतरी विमाने आणि त्याहून जास्त वैमानिक लागले असते, आणि तेवढे करूनही शत्रू नेमका त्या वेळी यायचा, ज्या वेळी आपली तुकडी इंधन भरायला खाली उतरलेली असते. थोडक्यात, ब्रिटनकडे पाव तासाची आगाऊ बातमी असेल तरच मोजकी विमाने पुरणार होती. ही बातमी मिळवायची कशी आणि मिळाल्यावर तिचे करायचे काय, या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. पहिलीचे उत्तर रडार हे सर्वांना माहीत असते. दुसरीकडे मात्र फारसे कोणी बघत नाही.

कटलेला पतंग आणि समद्विभुज त्रिकोण

रडार म्हणजे रेडिओ लहरी पाठवून, त्या कशावर तरी आपटून परत आल्या की त्या वस्तूचे अंतर आणि दिशा सांगणारे यंत्र. ते अजून कामाला लागलेले नसतानाच, १९३६ मध्ये, हेन्री टिझर्ड या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बिगिन हिलवर एक प्रयोग सुरू झाला. कल्पना अशी होती की रडारकडून शत्रूची जागा कळते आहे असे गृहीत धरू. आता जमिनीवरच्या माणसाने आपल्या वैमानिकाला कोणत्या दिशेने जायला सांगायचे? शत्रू म्हणून काही विमाने ठरलेल्या वाटेने उडवायची आणि दुसऱ्यांना रेडिओवरून दिशा सांगत त्यांच्यावर नेऊन घालायचे, असा तो सराव होता.

पतंग कटला की पोरे ज्या दिशेला पळतात, तो पतंग त्या क्षणी तिथे नसतो. तो वाऱ्याने जिथे जाऊन पडणार आहे तिथे ती पळतात. विमानाचेही तसेच आहे. शत्रू आत्ता जिथे आहे तिथे विमान पाठवले तर ते पोहोचेपर्यंत शत्रू पुढे गेलेला असतो. पतंगाच्या मागे धावणारा पोरगा हे गणित नजरेने करतो, पण नियंत्रण कक्षातल्या माणसाला ते नकाशावर करायचे होते, आणि कोष्टके व मोजपट्ट्या घेऊन हिशेब करेपर्यंत विमाने पुढे सरकत.

टिझर्डने सुचवलेला उपाय आठवीच्या भूमितीतला आहे. शत्रूची जागा आणि आपल्या विमानाची जागा यांना जोडणारी रेघ काढा. शत्रू त्या रेघेशी जेवढा कोन करून चालला आहे, तेवढाच कोन आपल्या विमानाने आपल्या टोकाशी करावा. दोन्ही कोन सारखे, म्हणून त्रिकोण समद्विभुज. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून वेग सारखा असेल तर दोघे शिरोबिंदूपाशी एकाच वेळी पोहोचतात. आपले विमान अधिक वेगवान असेल तर थोडे आधी. शत्रूने दिशा बदलली की नवी रेघ, नवा त्रिकोण. हा कोन नजरेच्या अंदाजाने काही सेकंदांत सांगता येतो, आणि वायुदलातल्या लोकांनी त्याला टिझर्डच्या नावावरून ‘टिझी अँगल’ असे लाडके नावही दिले. इतक्या साध्या भूमितीवर एवढ्या मोठ्या लढाईतले मार्गदर्शन उभे होते, याचे मला आजही नवल वाटते.

लग्नघरातली मोजदाद

१९४० पर्यंत किनाऱ्यावर ‘चेन होम’ नावाची रडार केंद्रांची साखळी उभी राहिली होती. तिचे प्रक्षेपण करणारे पोलादी मनोरे सुमारे ३६० फूट उंच होते. पण ही केंद्रे समुद्राकडे तोंड करून होती. विमान एकदा किनारा ओलांडून आत आले की ते रडारच्या पाठीमागे जाई. तिथून पुढे ‘ऑब्झर्व्हर कोअर’ या स्वयंसेवकांच्या संघटनेतले सुमारे ३०,००० लोक, शेतांत आणि टेकड्यांवर उभारलेल्या चौक्यांतून, दुर्बीण, कान आणि एका साध्या मोजयंत्राच्या मदतीने विमाने हेरून टेलिफोनवर कळवत.

आता अडचण पुढे येते. शेजारशेजारच्या तीन रडार केंद्रांना एकच हल्ला दिसला तर तिघांच्या बातम्या तीन निघतात. लग्नघराच्या तीन दारांशी तीन माणसे पाहुणे मोजायला बसवली, आणि एकाने चाळीस, दुसऱ्याने पंचेचाळीस, तिसऱ्याने पस्तीस असा आकडा आत पाठवला, तर आचाऱ्याने एकशे वीस पानांचा स्वयंपाक करायचा का? वऱ्हाड एकच असेल आणि तेच तिघांना वेगवेगळ्या दारांतून दिसले असेल, तर हे आत बसलेल्या कोणीतरी जाणत्या माणसाने ओळखायला हवे. हे काम ‘फिल्टर रूम’ करत असे. लंडनच्या वायव्येला बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात लढाऊ विमानदलाचे मुख्यालय होते आणि फिल्टर रूमही तिथेच होती. सगळ्या रडार केंद्रांच्या बातम्या तिथे येत, जुळवल्या जात, गाळल्या जात, आणि मग एक हल्ला, एक क्रमांक, एक दिशा, एक अंदाजे संख्या अशी स्वच्छ बातमी एकाच वेळी खालच्या कक्षांना दिली जाई.

खालचे कक्ष दोन पायऱ्यांचे होते. देशाचे काही ‘ग्रुप’ केलेले होते; लंडन आणि आग्नेय इंग्लंड ११ क्रमांकाच्या ग्रुपकडे होते, त्याचे प्रमुख किथ पार्क अक्सब्रिजच्या तळघरातून काम पाहत. ग्रुपचे पुन्हा ‘सेक्टर’ केले होते, आणि ११ ग्रुपच्या सात सेक्टरांपैकी एक बिगिन हिल. कोणत्या हल्ल्यावर कोणत्या तुकड्या सोडायच्या हे ग्रुप ठरवी. सोडलेल्या तुकड्यांना रेडिओवरून दिशा आणि उंची सांगत शत्रू डोळ्यांनी दिसेपर्यंत नेणे हे सेक्टरचे काम. शत्रू दिसला की पुढचे निर्णय आकाशातल्या तुकडीप्रमुखाचे. रेल्वेत कंट्रोल रूमला सगळा मार्ग दिसतो आणि स्टेशनमास्तरला आपले स्थानक, पण गाडीला सिग्नल देतो तो स्टेशनमास्तरच. तशीच ही कामाची वाटणी होती. ही सगळी रचना लढाऊ विमानदलाचे मुख्य सेनापती ह्यू डाउडिंग यांनी १९३६ पासून जोपासली म्हणून तिला ‘डाउडिंग व्यवस्था’ म्हणतात, आणि तिच्या शिरा म्हणजे ब्रिटिश पोस्ट खात्याने टाकलेल्या टेलिफोनच्या तारा होत्या.

शिळी बातमी ओळखणारे घड्याळ

प्रत्येक कक्षाच्या मधोमध एक मोठे टेबल आणि त्यावर नकाशा. भोवती उभ्या असलेल्या महिला वायुसेवेतल्या तरुणी कानांवर श्रवणयंत्र लावून बातम्या ऐकत आणि लांब दांड्यांनी नकाशावर सोंगट्या सरकवत. वर सज्जात बसलेला नियंत्रक खाली बघून सारीपाट वाचावा तसा लढाईचा पट वाची.

आता यात एक घातक शक्यता आहे. नकाशावर सोंगटी दिसते आहे, पण ती दोन मिनिटांपूर्वी ठेवलेली की वीस? वीस मिनिटांत विमान शंभर किलोमीटर पुढे गेलेले असते. फलाटावरच्या फलकावर गाडीचे नाव झळकत राहावे आणि गाडी केव्हाच निघून गेलेली असावी, असा हा प्रकार. चुकीच्या बातमीपेक्षा शिळी बातमी अधिक फसवते, कारण ती एकेकाळी खरी असते.

यावर काढलेला उपाय मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोणी तुकडे लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल, पिवळा, निळा अशा क्रमाने रंगवले होते. मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची खूण त्या वेळच्या सोंगटीला लावायची. काटा निळ्यावर आहे आणि सोंगटी निळी आहे, तर बातमी ताजी. सोंगटी पिवळी असेल तर आधीच्या पाच मिनिटांतली. लाल असेल तर त्याच्याही आधीची, आणि नवी बातमी आली नसेल तर काटा पुन्हा लालवर येण्यापूर्वी ती पटावरून उचलायची. नियंत्रकाला कोणाला काही विचारावे लागत नसे, हिशेब करावा लागत नसे. एका नजरेत बातमीचे वय कळे. संगणक नसलेल्या काळात माहितीवर तारखेचा शिक्का मारण्याची ही युक्ती होती, आणि ती करायला तीन रंगांचे डबे पुरले.

अंधारातली हाक

शत्रू कुठे आहे हे कळले. आपली विमाने कुठे आहेत? किनाऱ्याच्या आतल्या बाजूला रडार आंधळे, आणि ढगांत वैमानिकाला स्वतःलाच ठाऊक नसे. म्हणून तुकडीतल्या एका विमानाचा रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप सूर काढी. या यंत्रणेचे टोपणनाव होते ‘पिपस्क्वीक’. जमिनीवरची तीन केंद्रे तो सूर कोणत्या दिशेने आला हे टिपत. अंधाऱ्या रानात कोणी हाक मारली आणि तीन ठिकाणी उभ्या असलेल्या माणसांनी आवाजाकडे बोट दाखवले, तर तिन्ही बोटांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे हाक मारणारा असतो. सेक्टरच्या कक्षात त्या रेषा दोऱ्यांनी ताणून छेदबिंदू काढला जाई. एका पटावर शत्रू, त्याच पटावर आपले. मग टिझीचा त्रिकोण काढायला काहीच अडचण उरत नाही.

मग रडारनेच लढाई जिंकली असे का म्हणू नये?

कारण रडार जर्मनांकडेही होते आणि त्यांची काही यंत्रे घडणीत सरस होती. त्यांच्याकडे नव्हती ती बातमी गाळून काही मिनिटांत वैमानिकाच्या कानापर्यंत नेणारी साखळी. किंबहुना आपल्याकडे नसल्यामुळे त्यांना शत्रूकडे ती असेल याची पुरती कल्पनाच आली नाही. १२ ऑगस्ट १९४० रोजी त्यांनी किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांवर हल्ले केले, व्हेंटनरचे केंद्र बंदही पाडले, पण तीन दिवसांनी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने अशा हल्ल्यांच्या उपयोगाबद्दल शंका व्यक्त केली आणि तो जोर पुढे राहिला नाही. दिसणारे मनोरे हेच सगळे काही, आणि ते तर लगेच पुन्हा चालू होतात, असा त्यांचा हिशेब झाला.

ज्या खोलीवर सारे अवलंबून, ती उघड्यावर

अक्सब्रिजचा कक्ष जमिनीखाली होता. बिगिन हिलसारख्या सेक्टरांचे कक्ष मात्र विमानतळावरच, जमिनीच्या पातळीवरच्या साध्या इमारतींत होते. जर्मनांनी विमानतळ म्हणून बिगिन हिलवर वारंवार बाँब टाकले. खरे मर्म कोणत्या इमारतीत आहे हे त्यांना माहीत नव्हते. १८ ऑगस्टला हल्ला झाला तेव्हा सार्जंट जोन मॉर्टिमर टेलिफोनपाशी बसून राहिल्या, आणि नंतर धावपट्टीवर न फुटलेल्या बाँबांपाशी, आपली विमाने त्यांवर उतरू नयेत म्हणून, लाल निशाणे रोवत हिंडल्या. ३० ऑगस्टच्या संध्याकाळी मोजक्या विमानांनी खालून येऊन केलेल्या हल्ल्यात ३९ माणसे ठार झाली. आसरा म्हणून खणलेल्या चरावरच बाँब पडला होता. दुसऱ्या दिवशी नियंत्रण कक्षावर बाँब आला. त्या दिवसांत सार्जंट हेलन टर्नर आणि कॉर्पोरल एल्स्पेथ हेंडरसन टेलिफोन सोडून हलल्या नाहीत. या तिघींना ‘मिलिटरी मेडल’ हे शौर्यपदक मिळाले. संपूर्ण युद्धात महिला वायुसेवेतल्या सहाच जणींना ते मिळाले, त्यांतल्या तिघी एकट्या बिगिन हिलच्या.

कक्ष मोडल्यावर काम जवळच्या गावातल्या एका दुकानात हलवले गेले. पट, सोंगट्या, टेलिफोन आणि माणसे शाबूत असतील तर व्यवस्था दुकानातूनही चालते, एवढे त्यातून कळले. ७ सप्टेंबरला जर्मनांनी आपला मोर्चा विमानतळांवरून लंडन शहराकडे वळवला आणि या सेक्टरांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली.

५४४ की ४५४?

प्रार्थनामंदिरात वेदीमागच्या लाकडी पटलावर ४५४ नावे आहेत. ब्रिटनच्या लढाईत किती वैमानिक आणि विमानसैनिक पडले असे विचारले तर ५४४ हा आकडा सांगतात. दोन्ही आकड्यांत तेच अंक असल्याने घोटाळा होतो, आणि एकाच्या जागी दुसरा छापलेला माझ्याही पाहण्यात आला आहे. ५४४ म्हणजे त्या चार महिन्यांत, देशभरातल्या सर्व लढाऊ तुकड्यांमधून गेलेले. ४५४ म्हणजे एकट्या बिगिन हिल सेक्टरमधल्या तुकड्यांचे, पण १९३९ ते १९४५ या संपूर्ण युद्धात गेलेले.

हा फरक लक्षात घेतला की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: व्यवस्था इतकी चांगली होती तर एका सेक्टरची इतकी माणसे कशी गेली? याचे एक उत्तर असे की डाउडिंग व्यवस्था घरचे आकाश राखण्यासाठी होती. १९४१ पासून बिगिन हिलच्या तुकड्या फ्रान्सवर चढाई करू लागल्या, आणि मग सगळा हिशेब उलटा झाला. आता पाव तास आधी बातमी मिळत होती जर्मनांना. इंधन संपत होते इंग्रजांचे. विमान पडले तर छत्री घेऊन उतरणारा जर्मन वैमानिक संध्याकाळी आपल्या तळावर जेवायला परत जाई आणि इकडचा कैदेत जाई किंवा समुद्रात. १५ मे १९४३ रोजी बिगिन हिल सेक्टरने आपले हजारावे विमान पाडल्याचे जाहीर केले. ते श्रेय दोघांत वाटले गेले. त्यांतला एक रेने मूशोत हा फ्रेंच तुकडीप्रमुख होता. त्याच वर्षी २७ ऑगस्टला फ्रान्सवरच्या मोहिमेत तो मारला गेला.

संग्रहालयात प्रार्थनामंदिर कशाला?

क्रम उलटा आहे. प्रार्थनामंदिर आधीचे. १९४३ मध्ये तळावरच्या तयार झोपड्या जोडून पहिले मंदिर केले गेले. ते १९४६ मध्ये जळाले. चर्चिल यांचे चार्टवेल हे घर तिथून काही किलोमीटरवरच; त्यांनी निधीच्या आवाहनाला पाठबळ दिले. डाउडिंग यांच्या हस्ते पायाभरणी होऊन १९५१ मध्ये आजची विटांची वास्तू उभी राहिली. खिडक्यांची रंगीत काचचित्रे ह्यू ईस्टन यांची आहेत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील ब्रिटनच्या लढाईची खिडकीही त्यांचीच. बाहेरून पाहिले तर एखाद्या गावातली शाळा वाटावी इतकी ही इमारत साधी आहे. पुढे संरक्षण खात्याला तिचा वर्षाचा खर्च जड वाटू लागला, ती बंद पडते की काय अशी वेळ आली, आणि बऱ्याच वादानंतर स्थानिक परिषदेच्या पुढाकाराने तिच्या कडेला संग्रहालय बांधून २०१९ च्या जानेवारीत ते उघडले. संग्रहालयामुळे जागेची शांतता बिघडेल असे म्हणणारेही होते. त्यांची भीती अनाठायी नव्हती, पण शांत राहून कुलूप लागण्यापेक्षा हे बरे झाले असे माझे मत आहे.

आणि नावे का लिहायची? समुद्रात पडलेल्याला कबर नसते. विंडसरजवळच्या रनीमीड येथे १९५३ मध्ये उघडलेल्या हवाई दलांच्या स्मारकावर, ज्यांचा देह सापडला नाही अशा २०,००० हून अधिक जणांची नावे आहेत. टिपू सुलतानाच्या वंशातली, ब्रिटनसाठी हेरगिरी करताना मारली गेलेली नूर इनायत खान हिचे नावही तिथेच आहे. आपल्याकडे गावाबाहेर वीरगळ असतात. त्यांच्यावर सहसा नाव नसते. खालच्या पट्टीत लढून पडलेला वीर, वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, आणि सगळ्यांत वर चंद्रसूर्य, असा प्रसंग असतो. बिगिन हिलच्या पटलावर याच्या नेमके उलट आहे. कोण कसा पडला याचा मागमूस नाही. फक्त नाव आहे, आणि प्रसंग बघणाऱ्याने आणायचा आहे.

साम्राज्याच्या लढाईशी आपला काय संबंध?

हा आक्षेप रास्त आहे. १९३९ मध्येच भारताला न विचारता युद्धात ओढलेले होते आणि या व्यवस्थेने वाचवले ते राज्य आपल्यावरच राज्य करत होते. तरीही संबंध आहेत, आणि ते जरा अडचणीचे आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलातून लढलेल्या मोजक्या भारतीयांपैकी हरदितसिंग मलिक १९१८ मध्ये याच बिगिन हिलवरच्या १४१ क्रमांकाच्या तुकडीत होते. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी मुद्दाम करवून घेतले होते. त्यांच्याच पिढीतले मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर जून १९१८ मध्ये फ्रान्सवर पाडले गेले आणि तिथेच पुरले गेले.

दुसऱ्या महायुद्धात १९४० च्या शरदात २४ भारतीय वैमानिक ब्रिटनमध्ये पोहोचले. त्यांतले महेंद्रसिंग पुजी पुढच्या वर्षी बिगिन हिलच्या शेजारच्या केनली तळावरून हरिकेन उडवत होते. त्याच केनलीवर ऑगस्ट १९४० अखेरीस ‘हैदराबाद संस्थान’ हे नाव मिरवणारी २५३ क्रमांकाची तुकडी येऊन दाखल झाली होती. देणगी देणाऱ्याचे नाव तुकडीला देण्याची तेव्हा पद्धत होती. १३२ क्रमांकाच्या तुकडीचे नाव तर ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असेच होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात त्या काळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठवाड्याचे पाचही जिल्हे मोडत. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या राजाच्या नावाची विमाने इंग्लंडच्या आकाशात उडतात हे कळले होते का, आणि कळले असते तर त्याला काय वाटले असते, हा प्रश्न कोणत्याही संग्रहालयाच्या फलकावर सापडणार नाही.

हे युद्धाचे उदात्तीकरण नाही का?

काही प्रमाणात असते, आणि त्यावर उतारा म्हणजे आकडे नीट वाचणे. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटनने १८५ शत्रुविमाने पाडल्याचे जाहीर केले. युद्धानंतर जर्मन नोंदी तपासल्या तेव्हा खरा आकडा सुमारे ६० निघाला. यात लबाडीपेक्षा गोंधळ जास्त होता. सेकंदांच्या झुंजीत एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते धूर सोडत ढगात गेले, आणि तिघांनीही परत येऊन प्रामाणिकपणे ‘एक पाडले’ असे सांगितले. लग्नघरातली तीन दारे पुन्हा आलीच. फरक एवढाच की इथे बातमी गाळणारी खोली नव्हती. बिगिन हिलच्या ‘हजाराव्या’ विमानाकडेही त्याच सावधपणे पाहावे. पटलावरच्या ४५४ नावांच्या बाबतीत असा घोळ संभवत नाही, कारण त्या प्रत्येकाच्या घरी तार गेली होती.

जायचे असेल तर

ब्रॉम्लीहून २४६ क्रमांकाची बस बिगिन हिलला जाते. आधी संग्रहालय पाहावे आणि मग प्रार्थनामंदिर. उलट क्रमाने गेल्यास नावे परकी राहतात. अर्धा दिवस हाताशी असेल तर लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजचे तळघरही बघण्यासारखे आहे. साठ फूट खाली उतरल्यावर तिथे ११ ग्रुपचा पट १५ सप्टेंबर १९४० च्या सकाळसारखा मांडून ठेवला आहे. मार्गदर्शक सज्जातल्या खुर्च्यांकडे बोट दाखवून चर्चिल त्या दिवशी इथे आले होते असे सांगतो, आणि सगळे तिकडे वळून बघतात. आपण तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावे, काटा कोणत्या रंगावर आहे ते पाहावे, आणि मग खाली टेबलावर त्या रंगाच्या सोंगट्या शोधाव्यात.